वरखर्चाची पाकिटं

लीव्ह अप्रूव्ह झाली, ट्रेनची तिकिटं कन्फर्म झाली, राहण्याचा ॲडव्हान्स गेला, की आपल्याला वाटतं, झालं बजेट! प्रत्येक घरात एक एक्सेलवीर असतोच. त्याने शीट बनवून फॅमिली ग्रुपवर टाकलेलीसुद्धा असते. प्रवास एवढा, राहणं एवढं, सफारी एवढी. आणि सगळ्यात खाली एक बिचारी ओळ... ‘मिसलेनियस’. तिच्यासमोर अंदाजे पाच हजार ठोकून दिलेले असतात. पाचच का? तीन का नाही, पंधरा का नाही? कुणी विचारत नाही.

मला आज बोलायचंय ते या ओळीबद्दल. आमच्या आजीच्या भाषेत तिला ‘वरखर्च’ म्हणतात. चहा, नाश्ता, उसाचा रस, टिप, टोपी, फ्रिजवर लावायचा वाघ, शेजारच्या काकूंसाठी ‘काहीतरी’. एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. विमानाच्या भाड्यावरून घरात कुणी भांडत नाही. भांडणं होतात ती तिसऱ्या आइस्क्रीमवरून! मोठे पैसे आधीच, घरबसल्या, एका क्लिकवर गेलेले असतात. लहान पैसे मात्र सगळ्यांच्या देखत, उन्हात, दमलेल्या पोरांसमोर आणि ‘कशाला उगाच?’ म्हणणाऱ्या आईसमोर जातात.

या मे महिन्यात आम्ही सहा जण चंद्रपूर-गडचिरोलीला जाऊन आलो. आई, बाबा, दादा, वहिनी, आठ वर्षांची भाची आणि मी. भाचीला खरं तर थीम पार्कला जायचं होतं. रोलर कोस्टर विरुद्ध वाघ असं मतदान झालं आणि वाघ चार विरुद्ध दोनने जिंकला. (दुसरं मत दादाचं. चाळिशीला आलाय!) एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात, त्यामुळे आमची संख्या एकदम परफेक्ट.

योगायोग बघा. कॅलिफोर्नियातल्या अनाहाइममध्ये डिस्नेलँड उघडलं १९५५च्या जुलैत आणि ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं तेही १९५५मध्येच. एक जागा माणसाने इंचन् इंच आखून बनवलेली. दुसरीचं नाव ‘तारू’ या गावप्रमुखावरून पडलं. तो वाघाशी झुंजताना गेला आणि ताडोबा तळ्याच्या काठी त्याचं देवस्थान झालं, अशी इथल्या आदिवासींची कथा. दोन्हीकडे माणसं पोराबाळांना घेऊन जातात, दोन्हीकडे गेटवर रांग लागते आणि दोन्हीकडे बाबा लोक घामाघूम होऊन पाकीट चाचपत असतात.

वरखर्चाचा विचार डिस्नेवाल्यांनी फार आधी आणि फार हुशारीने केला. १९८२पर्यंत तिथे राइड्ससाठी कुपनांची पुस्तकं मिळायची. साध्या राइडला ‘ए’, सगळ्यात भारी राइडला ‘ई’. मग १९८७मध्ये त्यांनी चक्क स्वतःच्या नोटा काढल्या, डिस्ने डॉलर. मिकी माउस छापलेली, एका अमेरिकन डॉलरला एक. २०१६मध्ये त्यांची विक्री बंद झाली. आईबापांना ही सोय मोठी होती. पोराच्या हातात दहा नोटा ठेवायच्या आणि म्हणायचं, एवढ्या तुझ्या, आता मला विचारू नकोस. कंपनीची सोय त्याहून मोठी. कित्येकांनी त्या नोटा खर्च न करता आठवण म्हणून घरी नेल्या. म्हणजे वस्तू न देताच गल्ल्यात पैसे!

पण नोट वेगळी काढली की खर्चाला आपोआप कुंपण पडतं, हा त्यातला फंडा मला आवडला. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांना २०१७मध्ये नोबेल मिळालं. ‘मेंटल अकाउंटिंग’ ही त्यांची गाजलेली कल्पना. पैसा खरं तर सगळा सारखाच, पण आपण मनात त्याच्यावर लेबलं लावतो आणि मग लेबलाप्रमाणे वागतो. आपल्या आज्यांना हे नोबेलशिवाय माहीत होतं. डाळीच्या डब्यातले पैसे दुधाच्या बिलाला द्यायचे नाहीत म्हणजे नाहीत.

याच्या उलट टोकाला आपलं कार्ड आणि फोन. एमआयटीतल्या ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांचा २००१मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. एमबीएच्या विद्यार्थ्यांना बास्केटबॉल मॅचच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली. काहींना सांगितलं पैसे रोख द्यायचे, काहींना सांगितलं क्रेडिट कार्डने. कार्डवाल्यांची बोली रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. तिकीट तेच, मॅच तीच! आपल्याकडे यूपीआय आलं २०१६मध्ये. त्यानंतर तर पाकीट काढायचे कष्टही संपले. ‘टिंग’ असा आवाज येतो आणि विषय संपतो.

ताडोब्यात मात्र हा ‘टिंग’ चालत नाही. कोअर झोनच्या सफारीला मोबाईल आत नेताच येत नाही. मोहर्लीच्या गेटवर वहिनीने फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. फोटोचं जाऊ द्या, पण फोन नाही म्हणजे पेमेंट नाही. सफारी संपल्यावर गाईडला टिप द्यायची, तर खिशात नोट हवी. आजूबाजूच्या गावांमध्ये दुकानांवर क्यूआर कोडचे स्टिकर आहेत, पण रेंज येते तेव्हा येते. आमच्यासमोर एका ग्रुपचं चाळीस रुपयांच्या सरबताचं पेमेंट तब्बल सात मिनिटं गोल गोल फिरत होतं. सरबतवाली बिचारी शांत होती. ग्रुपमधले सगळे जण फोन आकाशाकडे धरून पाऊस मागितल्यासारखे उभे!

तेव्हा पहिली गोष्ट, रोख न्या. आणि सुटे न्या. एटीएम पाचशेच्या नोटा हातात ठेवतं आणि जंगलाच्या तोंडाशी वीस रुपयांच्या चहाला पाचशेची नोट देणं म्हणजे समोरच्याची परीक्षा बघणं. निघायच्या चार दिवस आधी बँकेत जाऊन दहा, वीस, पन्नास आणि शंभरच्या नोटा मागा. कॅशिअर जरा कपाळाला आठ्या घालेल, पण देईल.

आता आमचा हिशोब. एकूण वरखर्च ठरवला १५ हजार, पाच दिवस, सहा माणसं. प्रवास, राहणं, जेवणखाण आणि सफारीचं बुकिंग यांतलं काहीही यात नाही. (सफारी बुक करताना प्रवेश, जिप्सी आणि गाईड यांपैकी कशाचे पैसे भरून झालेत हे नीट वाचा. नाहीतर वरखर्चाच्या पाकिटाला पहिल्याच सकाळी भोक पडायचं.) यातले ८ हजार सामाईक. पाच मोठ्यांना प्रत्येकी १२०० याप्रमाणे ६ हजार. भाचीला ५००. आणि ५०० अडीनडीचे, ज्यांना हात लावायचा नाही. आठ पाकिटं, आठ नावं. माझ्यासारख्या फ्रीलान्सरचा पगार एक तारखेला येत नाही, चेक येतो तेव्हा येतो. त्यामुळे पैशाला आधी नाव देऊन ठेवायची सवय मला तशीही आहे.

खरी गंमत इथेच सुरू झाली. सामाईक पाकिटाला सगळ्यांनी माना डोलावल्या. स्वतंत्र पाकिटांना मात्र घरातून कडाडून विरोध! बाबा म्हणाले, ‘‘आपण काय परके आहोत का? कुणाला काही हवं असेल तर मी आहे ना द्यायला.’’ दादा म्हणाला, मी सगळ्यांचं पे करतो, नंतर बघू. (‘नंतर बघू’ हा मराठी घरातला सर्वात महागडा शब्दप्रयोग आहे.) आणि आई म्हणाली, ‘‘मला कशाला? मला काय घ्यायचंय तिथे?’’

आईचं हे वाक्य तुमच्याही घरात ऐकू येतं ना? पस्तीस वर्षांत ज्या ज्या ट्रिपा झाल्या, त्यांत आईने स्वतःसाठी काय घेतलं हे आठवून बघा म्हटलं तर मला एकही वस्तू आठवत नाही. लोणचं आणलं ते घरासाठी. साडी आणली ती वहिनीसाठी. एखादी गोष्ट आवडली तर ती हातात घेते, उलटसुलट करून बघते, बाबांकडे बघते, ‘‘घेऊ का?’’ म्हणते. बाबा कधीच नाही म्हणत नाहीत, हेही खरं. पण ‘‘अगं घे की’’ म्हणेपर्यंत तिने ती खाली ठेवलेली असते. पैसे नसतात असं नाही. पैसे घराचे असतात, तिचे नसतात, एवढाच फरक. म्हणून मी तिच्या पाकिटावर मुद्दाम ‘आई’ न लिहिता तिचं नाव लिहिलं आणि अट घातली की शिल्लक परत घेतली जाणार नाही.

नागपूरहून चंद्रपूरच्या रस्त्यावर वरोऱ्याला आम्ही आनंदवनात थांबलो. बाबा आमट्यांनी १९४९मध्ये कुष्ठरुग्णांसाठी उभी केलेली ही जागा. भीक नको, काम हवं, या विचारावर चाललेली. त्यामुळे तिथे वरखर्च करणं हीसुद्धा वेगळीच गोष्ट. तुम्ही वस्तू विकत घेता, दान टाकत नाही. तिथल्या माणसांनी हाताने बनवलेल्या वस्तू बघताना भाची किंमत वाचून आपलं पाकीट मोजत होती. पाचशेतले एकशेवीस पहिल्याच दिवशी गेले म्हणून तिला झोप येईना. रात्री तिने मला विचारलं, ‘‘आत्या, उरलेले तीनशे ऐंशी चार दिवसांत कसे भागायचे गं?’’ मुलांना पैशाचं गणित शिकवायला महागडं ॲप घेऊ नका, एवढंच सांगते!

मोहर्लीत आमच्या तीन सफारी होत्या. सामाईक पाकिटातला सगळ्यात मोठा ठरलेला खर्च म्हणजे टिप. दर सफारीला गाईडला ३०० आणि जिप्सीच्या ड्रायव्हरला ३००. तीन सफारींचे १८००. हे पैसे आम्ही आदल्या रात्रीच मोजून वेगळे ठेवायचो. वाघ दिसो वा न दिसो, रक्कम तीच.

यावर आमची बरीच चर्चा झाली. दादाचं म्हणणं, परफॉर्मन्सप्रमाणे द्यावं. दादा सेल्समध्ये आहे, त्याला सगळीकडे इन्सेंटिव्ह दिसतो. पण इथे मी हट्टाला पेटले. वाघ दिसल्यावर पाचशेची नोट काढणारा पर्यटक ड्रायव्हरला काय सांगतो? पुढे घाल, जवळ ने, इतरांच्या आधी पोहोच. ३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात काय झालं ते आठवा. एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना दोन्ही बाजूंनी जिप्स्यांनी रस्त्यात अडवलं. व्हिडिओ सगळीकडे फिरला, ड्रायव्हर आणि गाईड निलंबित झाले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कारवाई व्हायलाच हवी होती. पण मागच्या सीटवर बसून ‘भैया, और आगे लो’ म्हणणाऱ्यांच्या खिशातली नोटही त्या गर्दीत सामील होतीच ना?

पहिल्या सफारीला वाघ दिसला नाही. चितळ, गवे, रानकुत्री, मोर आणि एक झोपाळू अस्वल. गेटवर परत आल्यावर गाईडचा चेहरा अपराध्यासारखा. ‘‘आज नाही झालं जी मॅडम. वाघ काही आपल्या हातात नाही जी.’’ मी पाकीट दिलं तर तो क्षणभर थांबला, म्हणाला, ‘‘वाघ नाही दिसला तर लोकं बोलतबी नाही जी.’’ त्याच्याशी गप्पा झाल्या तेव्हा कळलं, तो तिथल्याच गावचा. ताडोब्यातले बहुतेक गाईड आसपासच्या गावांतले आहेत, महिला गाईडही आहेत. बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावं वाघांसाठी कोअरमधून उठून बाहेर आली. ज्या जंगलावर आपण ‘वॉव’ म्हणतो, ते कुणाच्या तरी आजोबांचं शेत होतं.

दुसऱ्या सफारीला पाणवठ्यावर वाघीण दिसली. चार मिनिटं. तिने पाणी प्यायलं, आमच्याकडे दुर्लक्ष केलं आणि निघून गेली. पाच दिवसांतली ती सगळ्यात भारी चार मिनिटं होती आणि त्यासाठी वरखर्चाच्या पाकिटातून एक रुपयाही गेला नाही. टिप तीच, ३०० आणि ३००.

मे महिना हा ताडोब्याचा पीक सीझन. पाणी आटतं, वाघ पाणवठ्यावर येतात, पर्यटक खूश. पण याच दिवसांत चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. पहाटे अंधारात बायामाणसं पानं तोडायला निघतात. वाकून तोडायची, घरी आणून ७० पानांचा एक पुडा बांधायचा. दोन-तीन आठवड्यांच्या या कामावर पावसाळ्याचं बियाणं आणि शाळेचे कपडे अवलंबून असतात. मे २०२५मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. आपण ज्या प्राण्याला बघायला पैसे मोजतो, त्याच्यासोबत ही माणसं पैसे कमवायला एकाच वेळी जंगलात असतात. आपण जिप्सीत, ते पायी.

हे वाचून ट्रिप कॅन्सल करा असं मी म्हणत नाही. उलट मला म्हणायचंय की थीम पार्क आणि जंगल यांच्या वरखर्चात मुख्य फरक आहे तो इथे. थीम पार्कात पॉपकॉर्न घ्या नाहीतर टी-शर्ट, पैसा बहुधा फिरून एकाच मालकाकडे जातो. तिथे बजेट म्हणजे फक्त ‘किती?’ एवढाच प्रश्न. जंगलाच्या तोंडाशी ‘किती’बरोबर ‘कुणाला?’ हाही प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर आपल्या हातात असतं. चहा हॉटेलच्या कॅफेत प्यायचा की गेटबाहेरच्या टपरीवर, ही निवड दिवसातून चार वेळा समोर येते. आम्ही राहण्याच्या ठिकाणाबाहेर खाल्लेले पोहे, ताक, भजी, उसाचा रस असं सगळं धरून पाच दिवसांत साडेचार हजार गेले. त्यातले ११०० तर नुसते पेयांवर. ४५ अंशांत लिंबू सरबताला वरखर्च म्हणत नाहीत, औषधपाणी म्हणतात!

भेटवस्तूंच्या दुकानांबद्दल मात्र माझं मत जरा कडू आहे. वाघाच्या चित्राचे मग, वाघाच्या कीचेन, वाघाच्या टोप्या... यातलं बरंच काही कुठल्याही पर्यटनस्थळी दिसणारं. नाव बदललं की माथेरान. दादाने आपल्या पाकिटातून वाघाच्या चेहऱ्याचा ६५० रुपयांचा टी-शर्ट घेतला. त्याचं पाकीट, त्याचा वाघ. पाकीटपद्धतीचा हाच मोठा फायदा आहे, कुणी कुणाला बोलायचं नाही. एरवी या टी-शर्टवर वहिनीचं किमान पंधरा मिनिटांचं भाष्य झालं असतं.

मंगळवारी ताडोबा बंद असतो, हे प्लॅनिंग करताना लक्षात ठेवा. जंगल बंद असलं की माणसं कंटाळतात आणि कंटाळलेला माणूस खर्च करतो. आम्ही त्या दिवशी चंद्रपूर शहर गाठलं. गोंड राजांचा परकोट, जटपुरा गेट, महाकालीचं देऊळ, राणी हिराईने नवऱ्यासाठी, बीरशहासाठी बांधलेली समाधी. देवळाबाहेरचे नारळ-फुलं, ऑटो, वडाभात. आख्ख्या दिवसाचा खर्च एका शहरी मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नइतका.

दुसऱ्या दिवशी बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी करत गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीला गेलो. गडचिरोली म्हटलं की पुण्यात अजूनही भुवया वर जातात. हा जिल्हा १९८२मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला. बाबांना हेमलकसा बघायचं होतं. प्रकाश आमट्यांवरचा नाना पाटेकरांचा सिनेमा २०१४मध्ये बघितल्यापासून ते म्हणत होते. १९७३मध्ये सुरू झालेल्या या लोकबिरादरी प्रकल्पात दवाखान्याच्या आवारात रांगेने बसलेली माणसं बघितली आणि बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या पाकिटातले पैसे तोवर जसेच्या तसे होते. परत निघताना मी मोजायला मागितलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

येताना रस्त्यात एका गावाचा आठवडी बाजार लागला. मोहफुलं, चिंच, चारोळी, सुकी मासळी, बांबूच्या टोपल्या. दंडकारण्यातल्या बाजारांत एकेकाळी व्यापारी मिठाच्या मापाने चारोळी घेऊन जायचे, असं वाचलं होतं. पुण्यात मी शंभर ग्रॅम चारोळीला दोनशेच्या आसपास मोजते आणि खिरीत बोटाने मोजून टाकते. चारोळीवाली जो भाव सांगत होती तो ऐकून दादा सवयीने म्हणाला, ‘‘थोडं कमी करा ना मावशी.’’ त्यावर वहिनी इतकंच म्हणाली, ‘‘टी-शर्टवाल्याला म्हणाला होतास?’’ चारोळी सांगितलेल्या भावाने घेतली गेली.

आई एका बांबूच्या सुपासमोर उभी होती. मोठं, घट्ट विणलेलं, कडेला दुहेरी पट्टी घातलेलं. तिने ते उचललं, पाखडल्यासारखं हलवून बघितलं, पाठीमागून बघितलं. बाबांनी लांबूनच सांगितलं, ‘‘अगं, सूप काय, पुण्यात मंडईत मिळतं. आणि ट्रेनमध्ये नेणार कसं?’’ मी श्वास रोखून बघत होते. आता खाली ठेवणार.

‘‘घ्या ना काकू, पुरंल दहा वर्सं,’’ विणणारी म्हणाली.

आईने पदराआडून पाकीट काढलं. अडीचशे रुपये मोजून दिले. ‘‘घेऊ का?’’ हा शब्द निघाला नाही. बाबांकडे बघितलंही नाही. मग तिने आणखी एक लहान परडी घेतली आणि त्या बाईशी धान पाखडण्याबद्दल पंधरा मिनिटं गप्पा मारत बसली. आम्ही सगळे गाडीत वाट बघत होतो. बाबा दोनदा हॉर्न वाजवायला सांगणार होते, दोन्ही वेळा भाचीने त्यांना अडवलं.

ते सूप नागपूरपर्यंत वहिनीच्या मांडीवर आणि नागपूर ते पुणे वरच्या बर्थवर माझ्या पायाशी आलं. रात्रभर माझे पाय वाकडे.

ट्रेनमध्ये दादाने वही उघडली. सामाईक ८ हजारांतले टिपेचे १८००, खाण्यापिण्याचे साडेचार हजार, ऑटो, नारळ, बँडेज, औषधं असे किरकोळ ७००. उरले एक हजार. अडीनडीचे ५०० तसेच. भाचीकडे ४० रुपये उरले होते आणि ते ती बँकेत टाकणार होती. दादाकडे १०, वहिनीकडे २८०, माझ्याकडे १५०. बाबा म्हणाले, माझं संपलं. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

‘‘आई, तुझं किती उरलं?’’ दादाने विचारलं.

‘‘ते मी नाही सांगणार,’’ आई खिडकीबाहेर बघत म्हणाली. ‘‘आणि हिशोबही नाही देणार.’’

दादाने माझ्याकडे बघितलं. मग आईच्या नावापुढच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली आणि वही मिटली.